भागूबाई मुंबईला आहे

मिऱ्या गावच्या भागूबाईने जन्मात कधी आगबोटीत पाय ठेवला नाही, आणि तरी सरकारच्या लेखी ती पाच-सहा वर्षं मुंबईला होती. तिथे तिने सभा गाजवल्या, दारूच्या दुकानांपुढे ठाण मांडलं आणि पोलिसांना नाही नाही ते सुनावलं. यातलं पोलिसांचं तेवढं खरं धरायला हरकत नाही, पण तेही तिने रत्नागिरीतच सुनावलं होतं.

बाई खारव्याची. अंगाने काटक, तोंडाने तिखट. नवरा खंडू आगबोट कंपनीच्या पडावावर वल्हं मारायचा. त्या वेळी आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा द्यायची, आणि मग माणसं, गाठोडी, फणस, कोंबड्या असा सगळा संसार पडावात कोंबून वल्ह्यांनी तिच्यापर्यंत न्यावा लागे. एकदा शिमग्याच्या दिवसांत, चाकरमान्यांची झुंबड असताना, पडाव उलटला. उतारू सगळे वाचले. त्यांना एकेक करून वर काढणारा खंडू मात्र वर आला नाही.

भागूबाई कंपनीच्या कचेरीत गेली. कचेरीने सांगितलं की पडाववाल्यांची नावं कंपनी ठेवत नाही, ती मुकादमाची माणसं. मुकादम म्हणाला, पडाव कंपनीचा, मग माणूसही कंपनीचा. दोघांनी मिळून असा निकाल लावला की खंडू मिरकर नावाचा माणूस कंपनीच्या दारात कधी कामालाच नव्हता, तेव्हा तो बुडण्याचा प्रश्न येत नाही. त्या वेळचा म्हातारा एजंट तेवढा काळजाचा माणूस होता. त्याने कंपनीच्या शेडच्या पागोळीखाली, तिकिटाच्या खिडकीला लागून, तिला टोपली मांडायला जागा दिली. म्हणाला, “बस इथे, कोण उठवतो बघू.” तेव्हापासून भागूबाई तिथे सुकट, बोंबील आणि खारवलेला बांगडा विकत बसली, आणि बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी तोंडाने घेत राहिली.

तोवर बोटीचं तिकीट काढायला कोणी नाव विचारत नसे. पैसे टाकले की तिकीट, तिकीट दाखवलं की डेकवर वळकटी पसरायची, संपला कारभार. मग शिरोड्याच्या मिठागरावर लाठ्या चालल्या, गावोगावची पोरं पांढऱ्या टोप्या घालून फिरायला लागली आणि रत्नागिरीच्या फौजदाराची झोप उडाली. कोण मुंबईहून येतं, कोण जातं, पत्रकं कोणाच्या वळकटीतून उतरतात, हे त्याला हवं होतं. त्याने कंपनीच्या एजंटाकडे शब्द टाकला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! फौजदाराने मागितली संशयितांची नावं. कंपनीने सरसकट सगळ्यांची द्यायचं कबूल केलं, वर गाव, बापाचं नाव, बाई असेल तर नवऱ्याचं नाव आणि सोबतचं सामान हेही. कागद दाखवा, हुकूम दाखवा, असं एका शब्दानेही कोणी म्हणालं नाही. ज्या कंपनीला स्वतःच्या पडावावर मेलेल्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं, तिला आता मालगुंडच्या म्हातारीच्या टोपलीत किती कोंबड्या आहेत हेसुद्धा ठाऊक असायला लागलं.

हे नावं घ्यायचं काम आलं तिकीटमास्तर भिकाजीकडे. भिकाजी म्हणजे काळ्या टोपीखाली ठेवलेला होकार. खिडकीत बसून तो खाली मान घालून विचारायचा, “नाव? गाव? कोणाची?” आणि लिहायचा. मान वर करून समोर बाई आहे की म्हैस हे पाहणं त्याच्या पगारात बसत नव्हतं. नावांचा कागद संध्याकाळी फौजदाराकडे पोचवताना मात्र त्याच्या चालीत असा रुबाब यायचा, जसं काही साम्राज्याचा डोलारा त्याच्याच खांद्यावर उभा आहे.

पण “कोणाची?” या प्रश्नाशी गाडं अडायचं. कुठल्या बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलंय? उखाण्यात एखादीने घेतलं तर घेतलं, खिडकीत उखाणा कोण घालणार? बाया पदर तोंडात धरून उभ्या राहायच्या, मागची रांग खोळंबायची, भिकाजी खेकसायचा. शेवटी सगळ्या भागूबाईकडे वळायच्या. भागूबाईला अर्ध्या तालुक्याचे नवरे तोंडपाठ. ती बसल्या जागेवरून ओरडायची, “ही गो रघूची! पावसचा रघू, तो नाय का लंगडा! आणि ही बाळाची दुसरी!” भिकाजी लिहायचा, बाई तिकीट घ्यायची. बोटीच्या दिवशी असे कितीतरी नवरे भागूबाईच्या तोंडून सरकारदरबारी जमा व्हायचे. ती हसायची. म्हणायची, “मेले बायकांना सोबत नेत नायत, पन आपली नावं बरी माझ्याकडं टाकून जातात.” तेव्हा तिला यात फक्त गंमत दिसत होती.

मैना तिच्याकडे यायची ती बाजाराच्या दिवशी. हातखंब्याच्या वरच्या अंगाला तिचं सासर. डोक्यावरून कुळीथ नाहीतर आमसुलं आणायची, त्याच्या बदली भागूबाईकडून सुकट न्यायची. बोलणं थोडं. बसली की हात पदराखाली घ्यायची. एकदा सुकट घेताना पदर सरला आणि भागूबाईला तिचं मनगट दिसलं. भाकरीला उशीर झाला म्हणून नवऱ्याने, महिपतने, तापलेलं उलथणं टेकवलं होतं. ही काही पहिली खूण नव्हती. माहेरी गेली की भाऊ दोन दिवस जेवू घालून परत आणून सोडायचा. जगाची रीतच तशी.

“मरून जाईन म्हनतंय,” मैना एकदा म्हणाली, अगदी भाव सांगावा तशी.

“मरतंस कशाला?” भागूबाई कडाडली. “मरायला तो हाय की! माझी नणंद काशी मुंबईला हाय, माझगावला. सुकी मासळी निवडायला तिला मानूस लागतं. जातंस?”

मैना पुढच्या बोटीलाच गेली. जाताना एक गोष्ट दोघींनाही कळत होती: महिपतला ती मेली असं वाटलं तर बरं, पळाली असं वाटलं तरी चालेल, पण ती बोटीने मुंबईला गेली हे कळता कामा नये. मैना या बंदरात भागूबाईशिवाय कोणापाशी बसत नव्हती. बोट कळली की भागूबाई कळली, आणि भागूबाई कळली की काशीचं घर कळलं. महिपत तिला केस धरून परत आणील, आणि परत आणल्यावर काय करील ते मैनाच्या मनगटावर लिहिलेलंच होतं.

म्हणून खिडकीपुढे दोघी गेल्या. पुढे भागूबाई, मागे पदर नाकापर्यंत ओढलेली मैना.

“नाव?” भिकाजी म्हणाला.

“भागूबाई,” भागूबाई म्हणाली.

“गाव?”

“मिऱ्या.”

“कोणाची?”

आणि इथे भागूबाई अडकली. सगळ्या जगाचे नवरे बिनदिक्कत उच्चारणारी बाई, पण तिच्या स्वतःच्या कुंकवाचं नाव तिच्या तोंडून निघेना. तो समुद्रात जाऊन वर्षं लोटली होती, तरी निघेना. मागून मैनाच हळू म्हणाली, “खंडू मिरकरांची.”

त्या खिडकीपाशी ते नाव कोणी घेतलं त्याला कित्येक वर्षं झाली होती.  भिकाजीने खाली मानेनेच लिहिलं, तिकीट सरकवलं आणि पुढच्याला विचारलं, “नाव?” तिकीट मैनाच्या हातात गेलं, मैना पडावात बसली. भागूबाई येऊन आपल्या टोपलीशी बसली आणि बोंबलांवरच्या माश्या वारायला लागली.

महिपतने विहिरीत गळ टाकून पाहिला, नदीचा काठ पाहिला, मेहुण्याच्या दारात जाऊन शिव्या दिल्या. मग गावात सांगत सुटला की बायको कुणाचा तरी हात धरून गेली. भागूबाईने ऐकलं आणि सुटकेचा श्वास सोडला. तिला वाटलं, मिटलं. तिच्यासारख्या माणसांची चूक ती हीच. त्यांना वाटतं, एकदा विचारून झालं की विचारणारा विसरतो. खिडकीत सांगितलेलं नाव खिडकीतच राहतं असा तिचा समज होता.

फौजदाराला त्या दिवसांत एखादा कट हवा होता. साताऱ्याच्या फौजदाराला सापडला होता, कुलाब्याच्याला सापडला होता. रत्नागिरीत मात्र नुसती टोप्या घातलेली शाळकरी पोरं. बढती काय पोरांच्या टोप्या गोळा करून मिळते? त्याने कंपनीकडून आलेली नावं चाळली आणि त्याला दिसली ती भागूबाई: एकटी, सोबत नवरा नाही, सामान नाही, मुंबईला गेली, परत आली नाही. झालं! त्याने मुंबईच्या गुप्त पोलिसांना कळवलं की ही बाई जहाल असून तिच्यावर नजर ठेवावी.

मुंबईच्या गुप्त पोलिसांनी तिला शोधलं नाही. शोधायला कष्ट पडतात. त्यांनी ती सापडल्याचं कळवलं. मग दर आठवड्याला बातम्या यायला लागल्या. भागूबाई गिरगावात बोलली. भागूबाईने परळला विलायती कापडाची होळी केली. भागूबाईच्या भाषणाने पाचशे माणसं पेटली. फौजदार प्रत्येक बातमीवर आपला शेरा मारून साहेबाकडे पाठवायचा, आणि साहेबाने एकदा त्याला “शाबास” म्हटलं. हे सगळं चालू असताना फौजदाराचा स्वयंपाकी दर आठवड्याला भागूबाईकडून बोंबील घेऊन जात होता आणि फौजदार ते बोटं चाटून खात होता.

एके दिवशी त्याला या जहाल बाईचे गणगोत तपासायची बुद्धी झाली. तो कंपनीच्या कचेरीत येऊन बसला आणि एका खलाशाला बोलावून दरडावलं, “मिऱ्याच्या भागूबाईला ओळखतोस?”

“व्हय सायब,” खलाशी म्हणाला. “ती काय भायेर बसलीय.”

फौजदाराने त्याला थोबाडीत मारली. दुसऱ्याला विचारलं, त्यानेही बाहेर बोट दाखवलं. तिसऱ्याने न विचारताच दाखवलं. शेवटी फौजदार स्वतः उठून बाहेर आला आणि बोंबलांच्या टोपलीपुढे उभा राहिला.

“तू कोण?”

“भागूबाई,” ती म्हणाली. “बोंबील सरले, सुकट हाय. देऊ?”

तिला आत नेलं. फौजदार खुर्चीत, भिकाजी बाजूला हात बांधून.

“मिऱ्याची भागूबाई? खंडू मिरकरची बायको?”

तिने मान हलवली.

“तू बोटीने मुंबईला गेली होतीस?”

भागूबाई फटकळ होती, पण बावळट नव्हती. ‘नाही’ म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग कोण गेलं? आणि त्याच्या पाठीमागे उलथणं घेऊन महिपत. तिने भिकाजीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं याला ती बाजूला काढून चांगला बांगडा देत आली होती, आणि या मेल्याने तिचं नाव फौजदाराला देताना एकदाही विचार केला नव्हता की ही तर इथेच, खिडकीशी बसलीय. त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

“गेले,” ती म्हणाली.

“परत कधी आलीस?”

इथे भिकाजीला राहवेना. “परत आल्याची नोंद नाही, साहेब. उतरणाऱ्यांचीही नावं आपण घेतो. एक माणूस सुटत नाही!”

“म्हणजे ही खोटं बोलते?”

“परत आले असं मी कधी म्हटलं?” भागूबाई म्हणाली.

“मग ही इथं कोण उभी आहे?”

“ता मास्तरांना इचारा, सायब. कोन कुठं हाय ता तेच लिवून ठेवतात. मी आपली अडानी बाई.”

फौजदार भिकाजीकडे वळला. त्याने भिकाजीला विचारलं की हिच्या नावावर दुसरीच कोणी गेली असेल का. भिकाजीचा चेहरा पांढराफटक पडला. एक नाव खोटं निघालं तर सगळीच नावं संशयात, आणि मग तिकीटमास्तर तरी कशाला ठेवायचा? तो छातीला हात लावून म्हणाला, “देवाशपथ नाही, साहेब! हीच बाई खिडकीशी होती. मी माझ्या कानांनी हिचा आवाज ऐकला.” बिचारा अक्षरन् अक्षर खरं बोलत होता. जन्मात एकदा खरं बोलला, तेही असं.

आता फौजदार पेचात. बाई परत आली म्हणावं तर कंपनीचं दप्तर खोटं. गेलीच नाही म्हणावं तर मुंबईच्या बातम्या खोट्या, त्याचे शेरे खोटे आणि साहेबाची शाबासकीही खोटी. गेल्याच मंगळवारी ती गिरगावात बोलली होती. हे त्याने साहेबाला स्वतःच्या सहीने कळवलं होतं. त्याने बराच वेळ विचार केला आणि सरकारी डोक्याला शोभेल असा निकाल दिला. एवढ्या सगळ्यांत खोटी पाडायला सोपी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे समोर उभी असलेली बाई.

“हे बघ,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “तू मुंबईला आहेस. कळलं? इथे बंदरावर पुन्हा दिसलीस तर तंगडं मोडीन.”

“आणि माजी जागा?”

“मुंबईला असलेल्या बाईला इथे जागा कशाला लागते?” भिकाजी म्हणाला, आणि हसलाही.

त्याच दुपारी कंपनीच्या गड्यांनी तिची टोपली उचलून रस्त्यावर ठेवली. खंडूच्या बदल्यात जगाने तिला दिलेली ती एवढीच वस्तू होती, एक पागोळीखालची हातभर जागा. भागूबाईने गड्यांना, भिकाजीला, फौजदाराला आणि कंपनीच्या सात पिढ्यांना अशा शिव्या हासडल्या की राजिवड्यापर्यंत ऐकू गेल्या. मैनाचं नाव मात्र त्यात कुठे आलं नाही.

त्यानंतर ती डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायला लागली. गाव हसायचं. “काय गो भागूबाय, मुंबईची हवा मानवली काय?” तीही ठेवून द्यायची, “मानवली तर! हितं तुझं तोंड दिसत नाय, ह्याच्यापेक्षा काय पायजे?” इकडे खिडकीत भिकाजीची दैना झाली. नवऱ्यांची नावं सांगायला कोणी नाही. एक बाई म्हणायची, “आमच्या पोराच्या बापाची.” दुसरी म्हणायची, “आकाशात चमकतो त्याची,” आणि भिकाजी बसायचा सूर्य की चंद्र याचा विचार करत. रांग थेट पाण्यात जायची, बोट भोंगे देऊन थकायची. शेवटी त्याने भागूबाईकडे माणूस पाठवला: बोटीच्या दिवशी मागच्या दाराने ये, नावं सांग आणि जा.

“मी मुंबईला हाय म्हनून सांग त्याला,” भागूबाईने निरोप दिला. आता तिला त्यातली नुसती गंमत दिसत नव्हती. आपण कोणाकोणाचे नवरे ओरडून ओरडून कोणाच्या घशात घातले, हे तिला उमगलं होतं, आणि उमगल्यापासून ती ज्याचं त्याचं नाव गिळायला शिकली होती.

पण गाव हसलं की बाजार हसतो, आणि बाजाराचं हसू महिपतपर्यंत पोचलं. माणूस क्रूर होता, मूर्ख नव्हता. भागूबाई इथेच असून बोटीने गेलेली. आणि मैना भागूबाईपाशी बसायची. आणि दोघींचा दिवस एकच. तो तडक फौजदाराकडे गेला. फौजदाराने भागूबाईला बोलावून घेतलं.

“सायब,” महिपत म्हणाला, “ही बया गेलीच नाय. हिच्या नावावर माझी बायको गेली. हिचं नात्यातलं कोन मुंबईला हाय ता फकस्त इचारून घ्या. तिथंच माझी बायको गावंल.”

सगळं खरं, शब्दन् शब्द.   काशीचं घर इथल्या कोणत्याही खारव्याला ठाऊक होतं. विचारलं की कळलं. ती मनातल्या मनात भगवतीला म्हणाली, आये, मला घे, पण ह्याचं नको ऐकू.

भगवतीपर्यंत जायची गरजच पडली नाही. फौजदार महिपतकडे बघत होता ते आपल्या खिशात हात घालणाऱ्याकडे बघावं तसं.

“तुझी बायको शिकलेली आहे?”

“नाय सायब.”

“भाषण करते?”

“ती? माझ्यासमोर हूं म्हनायची टाप नाय तिची!”

“मग गिरगावात भाषण कोणी केलं?” फौजदार उठून ओरडला. “परळला कापड कोणी जाळलं? तुझी बायको पळाली ती तुझी लाज! ती झाकायला कंपनीचं दप्तर खोटं पाडतोस? सरकारच्या बातम्या खोट्या पाडतोस? कोणी शिकवून पाठवलं तुला?”

महिपतला काही कळेना. खरं बोलल्याबद्दल मार बसतो हे त्याला नवीन होतं. आजवर त्याने मार नुसता दिला होता. त्याला शिपायांनी दोन ठेवून दिल्या, आणि संशयित म्हणून दर आठवड्याला चौकीवरची हजेरी त्याच्या मागे लागली. भिकाजीला ताकीद गेली की हा इसम खिडकीशी आला तर त्याला तिकीट द्यायचं नाही आणि ताबडतोब वर्दी द्यायची. भिकाजीने ती ताकीद इमानाने पाळली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणाऱ्या त्या खिडकीने आयुष्यात एवढं एकच पुण्य केलं, आणि तेही चुकून.

भागूबाई बाहेर आली, चौकीच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. भीतीने रडली. शिपायांना वाटलं, साहेबांचा धाक!

मैना वाचली. पण भागूबाईच्या गळ्यातला फास काही सुटला नाही. काशीकडून खलाशांबरोबर निरोप यायचे: मैना बरी आहे, अंगाने भरलीय, हसतेसुद्धा, एकदा येऊन बघून जा. पण जाणार कशी? बोटीत चढायला खिडकीत नाव सांगावं लागे, आणि आता भिकाजी मान वर करून बघायचा, फक्त तिच्यापुरता. मुंबईला असलेली बाई मुंबईला जाणार कुठून! बोटीचा भोंगा झाला की ती मिऱ्याच्या वाळूत उभी राहून धुराकडे बघायची आणि चुलीशी परत यायची. काशी आजारी पडली तेव्हाही गेली नाही, वारली तेव्हाही नाही. मैनाने तिचं शेवटचं सगळं केलं.

मग सदतीस साल आलं आणि मुंबईत काँग्रेसचं सरकार बसलं. फौजदार त्याआधीच बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. एका जहाल बाईवर वर्षानुवर्षं नजर ठेवणं ही काही लहान कामगिरी नव्हती. भिकाजीची काळी टोपी रातोरात पांढरी झाली. एक दिवस तो भागूबाईच्या झोपडीशी हार घेऊन आला. मुंबईच्या सभांत बोललेल्या, कापडाची होळी केलेल्या भगिनींचा सत्कार होता, आणि सरकारी कागदात रत्नागिरीची म्हणून एकच भगिनी सापडत होती.

“भागूबाई, चला,” तो आदराने म्हणाला. त्याच्या तोंडून तिच्यासाठी आलेलं ते पहिलं ‘चला’.

“माजी जागा देतोस?”

“जागा कंपनीची. ते माझ्या हातात नाही. पण हार—”

“मग मी मुंबईला हाय,” भागूबाई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

सरकारने नावं विचारणं सोडलं होतं. कंपनीने सोडलं नव्हतं. एकदा हाताला सवय लागली की कशासाठी लिहितो हे कोण विचारतो! भिकाजी पांढरी टोपी घालून तेच विचारत होता: नाव? गाव? कोणाची?

महिपतने दरम्यान दुसरी केली. तिचे भाऊ उंचेपुरे, गाडीवान. पहिल्या थपडेलाच त्यांनी त्याला सुतासारखा सरळ केला. आता त्याला मैनाचं नाव काढायचीही इच्छा उरली नव्हती. हे कळल्यावर मैना एका संध्याकाळी, काही न कळवता, भागूबाईच्या दारात येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर, डोक्यावर ट्रंक. मनगट उघडं.

भागूबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मिठी वगैरे मारली नाही. आधी विचारलं, “खिडकीत इचारलंन?”

“इचारलंन.”

“काय सांगितलंस?”

“भागूबाई म्हनून सांगितलं. त्यानं मान वर केलीन, माझ्याकडं बघितलंन, घाम फुटला त्याला. मग म्हनाला, कोनाची? मी म्हटलं, खंडू मिरकरांची.”

“लिवलंन?”

“लिवलंन. परत आली म्हनून.”

भागूबाई भिंतीला टेकून खाली बसली. “म्हंजे आले का गो मी?”

“आलीस,” मैना म्हणाली.

मैनाने डोक्यावरची ट्रंक खाली ठेवली. मग भागूबाई म्हणाली, “कोनाची म्हनालीस ता पुन्यांदा सांग. माझ्या तोंडातून येत नाय.”

मैनाने पुन्हा सांगितलं. भागूबाईने डोळे मिटून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बोट होती. भागूबाई टोपली घेऊन कंपनीच्या शेडपाशी गेली आणि पागोळीखाली, आपल्या जुन्या जागेवर बसली. भिकाजी खिडकीतून ओरडला, “ए! इथे कोणी बसवलं तुला?”

“काल आले मुंबईसून,” ती म्हणाली. “लिवलं नायस काय? खोटं हाय म्हन, चल. म्हन चार मानसांत.”

भिकाजी पुढ्यातले कागद सरळ करायला लागला. खिडकीपुढे रांग लागली होती. पहिली बाई पदर तोंडात धरून उभी होती, आणि सवयीने तिने भागूबाईकडे पाहिलं. भिकाजीही पाहत होता. भागूबाईला त्या बाईचा नवरा ठाऊक होता, त्याचा बापही ठाऊक होता. तिने टोपलीवरचं फडकं काढलं आणि ओरडायला सुरुवात केली, “बोंबील घ्या, बोंबील!”